पत्त्यांवर पोट असलेल्या माणसाचा ताळेबंद

पत्ते खेळून संसार चालवणारी माणसे जगात आहेत आणि वर्षअखेरीस ती वाण्यासारखी वही काढून बसतात, असे आमच्या गावात सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ‘पत्ते कुटणे’ हा शब्दच मुळी आमच्याकडे रिकामटेकड्यासाठी राखून ठेवलेला आहे. तीनपत्तीच्या डावाला बसणाऱ्याचा हिशोब आमच्याकडे त्याची बायको आणि सावकार हे दोघेच ठेवतात. शिवाय द्यूत म्हटले की आपल्याला धर्मराज आठवतो, आणि धर्मराजाने पुढील सालचे अंदाजपत्रक केल्याचे काही ऐकिवात नाही.

तरी हा विषय मी निवडला, त्याला कारण आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बी.ए.ला नाव घातले तेव्हा आमचे चुलते आबांना म्हणाले, “पोराला शिकवणं म्हणजे जुगार आहे, दादा. तीन वर्षं लावायची आणि पान काय निघंल ते बघायचं.” त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले नाही, पण शब्द डोक्यात राहिला. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला संभाव्यता शिकताना वाटले, ज्याचा धंदाच जुगाराचा आहे तो गेल्या वर्षाचा विचार कसा करतो आणि पुढचे वर्ष कसे आखतो, हे तरी पाहावे. शोध घेता घेता अमेरिकेतील लास व्हेगास या शहरापर्यंत पोचलो, अर्थात वाचनातून.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅसिनोतील बहुतेक खेळ घराविरुद्ध खेळायचे असतात. अमेरिकन रूलेटच्या चाकात ३८ घरे असतात आणि बक्षीस मात्र ३६ घरे असल्याच्या हिशेबाने मिळते. तेव्हा कितीही हुशार माणूस असो, सरासरी शंभर डॉलर लावले की त्यातले पाच डॉलरांहून थोडे अधिक कॅसिनोचे. तेथे व्यावसायिक खेळाडू असूच शकत नाही. पोकरचे तसे नाही. तेथे माणूस माणसाविरुद्ध खेळतो. कॅसिनो फक्त जागा देतो, पाने वाटायला माणूस देतो आणि प्रत्येक डावातून आपला कट काढून घेतो. म्हणून समोरच्यांपेक्षा बरे खेळणारा आणि तो कट भरूनही उरवणारा माणूस येथे पोट भरू शकतो. असे थोडेच असतात, पण असतात.

खेळ तीनपत्तीवाल्याला अर्ध्या तासात कळण्याजोगा आहे. सध्या सर्वाधिक चालतो तो ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग मध्यभागी आधी तीन, नंतर एक, नंतर आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडतात. ती सर्वांची सामाईक. आपली दोन आणि ही पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने भारी ठरतील तो जिंकला. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या असतात आणि कोणत्याही फेरीत ‘पॅक’ व्हायची मुभा असते. हाती काही नसताना भारी पाने असल्यासारखी चाल करता येते. भारी पाने असताना गरीब होऊन बसता येते. जाणकारांचे म्हणणे असे की चांगला खेळाडू त्याने जिंकलेल्या डावांवरून ओळखू येत नाही, वेळेवर टाकून दिलेल्या डावांवरून येतो.

आता ताळेबंदाकडे येतो. डॅनियल नेग्रानू हा कॅनडातील टोरोंटोचा, रुमानियातून आलेल्या आईबापांचा मुलगा. शाळा पुरी न करता पत्त्यांच्या मागे लागला, विशी ओलांडताच लास व्हेगासला गेला आणि खिसा रिकामा करून घरी परतला. पुन्हा भांडवल जमवून पुन्हा गेला. पुढे तो जगातील सर्वांत प्रसिद्ध खेळाडूंपैकी एक झाला. त्याची एक सवय मला फार आवडली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो आपली उद्दिष्टे जाहीर करतो आणि सरत्या वर्षाचा नफातोटाही लोकांसमोर मांडतो. या धंद्यात हे धाडसच म्हणायचे, कारण इतर बहुतेकांची फक्त जिंकलेली रक्कम वर्तमानपत्रात येते, भरलेली येत नाही.

२०१७ साली नेग्रानूने स्पर्धांमधून सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसे मिळवली. वाचणाऱ्याला वाटेल, वा! पण त्या स्पर्धांची प्रवेश-फी त्याहूनही अधिक झाली होती आणि वर्षअखेर तो सुमारे ८६ हजार डॉलर तोट्यात होता. विमान आणि हॉटेलांचा खर्च आणखी वेगळा. २०१४ साली मात्र दहा लाख डॉलर फी असलेल्या एकाच स्पर्धेत दुसरा येऊन त्याने ८२ लाखांहून अधिक डॉलर मिळवले होते. २०२३ साली पुन्हा वीस लाखांहून अधिक डॉलरचा तोटा. २०२४ च्या जूनमध्ये पन्नास हजार डॉलर फीची एक मानाची स्पर्धा त्याने जिंकली. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या मालिकेत अकरा वर्षांत त्याला मिळालेले हे पहिलेच विजेतेपद.

येथे प्रश्न उभा राहतो. २०१४ साली तो हुशार होता आणि २०२३ साली मठ्ठ झाला काय?

याचे उत्तर मिळावे म्हणून मी सांख्यिकीच्या वहीत एक गणित करून पाहिले. दोन एक्के हाती येणे हे सर्वांत उत्तम. त्याचा संभव २२१ डावांत एकदा (बावन्न पानांत चार एक्के, उरलेल्या एक्कावन्नांत तीन, गुणाकार करून पाहावा). कॅसिनोत तासाला साधारण ३० डाव वाटले जातात. वर्षाला १५०० तास बसणाऱ्याचे ४५,००० डाव झाले, म्हणजे एक्क्यांची जोडी सुमारे २०४ वेळा. नऊ जणांच्या टेबलावर त्याच डावात दुसऱ्या कोणाकडे दोन बादशहा असण्याचा संभव शंभरात चार. म्हणजे ‘माझे एक्के, त्याचे बादशहा’ असा प्रसंग वर्षातून जेमतेम आठ वेळा येणार. अशा वेळी सहसा दोघेही होते नव्हते ते सगळे पुढे ढकलतात. एक्केवाला शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकतो.

आता सारख्याच कुवतीचे शंभर खेळाडू घेऊ. वर्षभरात त्यांतले साधारण वीस जण या आठांपैकी एकदाही हरणार नाहीत. आणि साधारण चार जण चार किंवा त्याहून अधिक वेळा हरतील. खेळले सगळे एकसारखेच. पण त्या वीस जणांचे घरी कौतुक होईल आणि त्या चार जणांना लोक विचारतील, “यंदा काय झालंय तुला?” हा फक्त एका प्रसंगाचा हिशेब, असे शेकडो प्रसंग वर्षात येतात. स्पर्धांत तर हे फारच वाढते, कारण मोठ्या स्पर्धेत शंभरातील पंधरा-एक जणांनाच काही मिळते आणि मोठा वाटा अगदी वरच्या थोड्यांकडे जातो. २०२५ साली वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत दहा हजार डॉलर भरून ९,७३५ जण बसले. पहिल्याला एक कोटी डॉलर मिळाले.

नशीब पुसून टाकून केवळ कौशल्य मोजायचे तर किती डाव लागतात? २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकाला चार व्यावसायिक खेळाडूंशी भिडवले, तेव्हा १,२०,००० डाव खेळवले गेले आणि त्यावर संगणक जिंकला असे ठरले. वर्षाला ४५,००० डाव खेळणाऱ्याला तेवढे व्हायला अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे एका वर्षाच्या शिलकीवरून माणसाची पारख करणे हे एका पेपराच्या एका प्रश्नावरून विद्यापीठाची पदवी देण्यासारखे झाले. (आमच्या काही मित्रांना ही पद्धत आवडेल.)

म्हणून या धंद्यातील शहाणी माणसे वर्षाचा आढावा घेताना नुसती शिल्लक पाहत नाहीत. प्रत्येक बैठकीची नोंद असते: तारीख, जागा, किती मोठा डाव, किती तास, किती आले-गेले. शिवाय अवघड प्रसंगांची वेगळी नोंद असते. तेव्हा काय दिसत होते, काय ठरवले, का ठरवले. मग तो निर्णय थंड डोक्याने, आता बहुधा संगणकाच्या मदतीने, तपासायचा. पैसे आले की गेले हे बाजूला ठेवून. निकाल पाहून निर्णयाला बरेवाईट म्हणण्याच्या सवयीला खेळाडू लोक ‘रिझल्टिंग’ म्हणतात. ॲनी ड्यूक या मानसशास्त्र शिकलेल्या खेळाडू बाईंनी २०१८ साली या विचारावर एक पुस्तकच लिहिले. चिडून, हरलेले भरून काढायला वेडेवाकडे लावत सुटण्यालाही त्यांच्यात शब्द आहे, ‘टिल्ट’. आपले किती तास टिल्टमध्ये गेले हेही काही जण वहीत मांडतात. आपल्याकडे त्याला ‘इरेला पेटणे’ म्हणतात, पण त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

पुढच्या वर्षाची आखणी मुख्यतः भांडवलावर होते. पोकरचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे वेगळे, हा पहिला नियम. दुसरा, एका टेबलावर फार थोडे न्यायचे. २००० सालचा विश्वविजेता क्रिस फर्ग्युसन याने २००६ साली शून्यातून सुरुवात करून दहा हजार डॉलर जमवून दाखवले. एका टेबलावर एकूण भांडवलाच्या पाच टक्क्यांहून अधिक न्यायचे नाही, हा नियम त्याने पाळला. भांडवल घटले की लहान टेबलावर उतरायचे, त्यात लाज मानायची नाही. मोठ्या स्पर्धेत बसायचे तर आपल्यातले हिस्से विकायचे, म्हणजे फी वाटून जाते आणि बक्षीसही; आपल्याकडील बटईसारखेच हे. करही धरावा लागतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने २०२६ पासून जिंकलेल्या रकमेतून तोट्याची फक्त ९० टक्के वजावट मिळेल अशी तरतूद केली. दहा लाख जिंकून दहा लाख हरणाऱ्याची मिळकत शून्य, आणि कर मात्र एक लाखावर. खेळाडूंनी ओरड केली यात नवल नाही.

हे नियम न पाळणाऱ्याचे काय होते? स्टू उंगर याच्याइतका बुद्धिमान खेळाडू झाला नाही असे जुने लोक म्हणत. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीन वेळा त्याने मुख्य स्पर्धा जिंकली. शेवटच्या खेपेला दहा लाख डॉलर मिळाले. अमली पदार्थ, आणि घोड्यांपासून सगळ्या गोष्टींवर पैसा लावण्याची खोड. १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलात तो मेलेला सापडला, वयाच्या ४५ व्या वर्षी.

हे सगळे वाचताना मला सारखे आमचे शेत आठवत होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमचे चार एकर सोयाबीन काढणीला आले होते. झाडावरच शेंगांना कोंब फुटले. गावात जो तो म्हणू लागला, “तूर घ्यायला पाहिजे होती, तुमचं चुकलंच.” जूनमध्ये पेरताना यांतला एकही जण तुरीचे बोलला नव्हता. हेच ते रिझल्टिंग. आबांचा जूनमधला निर्णय जूनमध्ये जे दिसत होते त्यावरून बरोबर होता, हे मी आता नीट समजावून सांगू शकतो.

पण येथेच पत्तेवाल्याचे शास्त्र संपते, असे मला वाटते. त्याला वर्षात ४५,००० डाव मिळतात. दैव आज फिरले तरी हजारो डावांत सरासरी आपल्या जागी येते. आबा विसाव्या वर्षी शेतात उतरले. साठीपर्यंत धरले तर त्यांना खरीप मिळणार चाळीस. चाळीस डावांत कोणाची सरासरी जागी येते? आणि फर्ग्युसनचा पाच टक्क्यांचा नियम लावला तर चार एकरांत त्यांनी आठ गुंठ्यांहून अधिक पेरता कामा नये! त्यांना सगळेच रान पेरावे लागते, तेही बियाणे उधारीवर आणून. लास व्हेगासचा माणूस भांडवल घटले की लहान टेबलावर जातो. आबांना उतरायला लहान टेबल नाही. मग जुगारी कोणाला म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. मोबाइलवरील रमीने बुडालेली पोरे आमच्या भागातही असल्याने मला तो योग्यच वाटतो. पावसाविषयी असा काही कायदा करता येत नाही.

असो. त्या धंद्यातली एक गोष्ट तेवढी मी घरी नेली. सुटीत शंभर पानी वही आणली आणि तीत चार रकाने आखले: तारीख, पाऊस, काय ठरवले, का ठरवले. शेवटचा रकाना निकाल लागण्याआधी भरायचा, हे आबांना पटवायला दोन दिवस गेले. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते सांगतात आणि मी लिहितो. या सालची पहिली नोंद अशी आहे: दोन एकर सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, एक एकर कापूस, एक एकर ज्वारीसाठी राखून. कारण: ‘सगळं एकाच पाण्यात जाऊ नये. कडब्याचं बघावं लागतं. पोराची फी जुलैत.’