दमा, सांधेदुखी आणि संथ धाव

पहाटेच्या वेळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अथवा कांपालच्या वृक्षराजीखालून चालणाऱ्यांची व धावणाऱ्यांची वर्दळ ही आता नित्याची बाब झाली आहे. या मंडळींकडे पाहून आपणही धावावे असे ज्यांना मनातून वाटते, परंतु गुडघा कुरकुरतो किंवा चार पावले भरभर टाकताच छाती भरून येते म्हणून जे घरीच बसतात, असे लोकही थोडे नाहीत. झिजलेला सांधा धावल्याने आणखी झिजतो आणि दमेकऱ्याने तर धावण्याचे नावही काढू नये, असे त्यांना शेजारीपाजारी बजावीत असतात. याउलट, उत्साहाच्या भरात नवे बूट आणून पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर धावणारे आणि आठवड्याच्या आत अंथरूण धरणारेही आढळतात. या भीतीच्या आणि या अतिउत्साहाच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. धावणे मानवले की नाही, याचे खरे उत्तर शरीर धावण्याच्या क्षणी क्वचितच देते. बहुधा ते मागाहून देते. श्वासनलिका ते थांबल्यानंतर काही मिनिटांनी देतात, गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळी देतो आणि पायाची हाडे व कंडरा तर कित्येक आठवड्यांनी देतात. ज्याला या उत्तरांची वाट पाहता येते, त्याला आपल्या मर्यादेत सुरक्षितपणे धावण्यास शिकता येते.

संथ धाव, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘जॉगिंग’ म्हटले जाते ती, मुळात धडधाकट तरुणांसाठी निघालेली नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी १९६०च्या सुमारास मध्यमवयीन, वजन वाढलेल्या आणि हृदयविकार होऊन गेलेल्या माणसांना अगदी मंद गतीने पळण्यास लावले आणि १९६२ मध्ये ऑकलंड येथे अशा धावकांचे मंडळ सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले असता, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या सत्तरीपुढील एका गृहस्थाच्या बरोबरीने पळताना त्यांचीच दमछाक झाली. मायदेशी परतल्यावर बॉवरमन यांनी हा व्यायाम लोकांत रुजविला आणि एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, हा त्या व्यायामाचा मूळ दंडक होय. पूर्ण वाक्य अडखळल्याविना उच्चारता येत असेल तर वेग योग्य. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो अधिक आहे, असे समजावे. या कसोटीस घड्याळ लागत नाही व पैसाही लागत नाही.

गुडघ्याचा प्रश्न

सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते आणि हा द्रव तिच्यात मुरण्यासाठी, स्पंजावर पडावा तसा, तिच्यावर दाब पडणे व सुटणे आवश्यक असते. हालचाल पूर्णपणे बंद करणे हा म्हणूनच सांध्यावरचा उपाय ठरत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याची वा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर, तर स्पर्धात्मक धावकांत तेरा टक्क्यांच्या वर होते. या आकड्यांवरून धावणे हे झिजेवरील औषध आहे असा अर्थ मात्र काढू नये, कारण ज्यांचे गुडघे दुखतात ते आपोआपच धावणे सोडतात. अधिक उपयुक्त ठरावा असा दुसरा अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज आधीच असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या व्यक्तींचे चार वर्षे निरीक्षण केले असता, स्वतःला झेपेल तेवढे धावणाऱ्यांची झीज वा दुखणे न धावणाऱ्यांपेक्षा वाढल्याचे दिसले नाही. स्वतःला झेपेल तेवढे, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाहून थोडेसेच अधिक बळ जमिनीकडून पायावर येते. धावताना ते वजनाच्या दुप्पट ते तिप्पट होते. हा भार पेलण्याचे काम मांडीच्या पुढील स्नायूंनी करावयाचे असते आणि ज्याचा गुडघा दुखतो त्याचे नेमके हेच स्नायू वापराअभावी दुबळे झालेले असतात. खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचलणे व पाच ते दहा सेकंद तसाच धरणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश उठणे व बसणे, भिंतीला हात टेकून टाचा वर उचलणे, हे साधे व्यायाम धावण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करावेत आणि पुढेही चालू ठेवावेत. वजन जास्त असल्यास ते उतरविण्याचा लाभ अपेक्षेहून मोठा असतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल वयस्कांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वजन एक किलोने कमी झाले की चालताना दर पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो असे दिसून आले.

धावताना पाऊल लांब टाकण्याचा मोह टाळावा. आखूड व थोडी अधिक पावले टाकल्यास गुडघ्यावरील आघात कमी होतो. व्यायामानंतर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा अधिक दुखत असेल, अथवा दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुजलेला वा नेहमीपेक्षा आखडलेला असेल, तर आदल्या दिवशीचे श्रम जास्त झाले असे मानून पुढच्या खेपेस ते कमी करावेत. झिजेमुळे येणारा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तो तासाहून अधिक टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील किंवा सांधा गरम व लाल झाला असेल, तर दुखणे दाहजन्य संधिवाताचे असू शकते. अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांकडे जाणे इष्ट. गुडघा मध्येच अडकणे वा अचानक लचकून दगा देणे, हीदेखील तपासणीशिवाय पुढे न जाण्याची चिन्हे होत.

श्वासाचा प्रश्न

एरवी नाकावाटे आत जाणारी हवा उबदार व दमट होऊन फुप्फुसांत पोहोचते. धावताना मात्र तोंडाने भराभर श्वास घ्यावा लागतो. कोरडी, थंड हवा थेट आत जाते, श्वासनलिकांचा आतील थर कोरडा पडतो आणि दमेकऱ्यांत त्यांचे स्नायू आवळले जातात. येथेही उत्तर उशिरा येते. ही घुसमट अनेकदा धावणे थांबविल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी सर्वाधिक जाणवते आणि पुढे अर्ध्या-एक तासात ओसरते. सवय नसलेल्या निरोगी माणसाचा दम विसाव्यानंतर दोन-तीन मिनिटांत खाली बसतो; दमेकऱ्याचा तो थांबल्यावर चढू लागतो व सोबत खोकला किंवा छातीत सुंई सुंई आवाज येतो. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती नाहीशी होते.

दहा-पंधरा मिनिटे हळूहळू वेग वाढवीत चालल्यानंतरच धावण्यास आरंभ केल्यास ही घुसमट बरीच कमी होते. शेवटीही एकदम न थांबता चालत वेग उतरवावा. डॉक्टरांनी सांगितले असल्यास, ज्याला रुग्ण सर्रास ‘पंप’ म्हणतात तो आराम देणारा फवारा धावण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे घ्यावा व धावताना तो खिशात असावाच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दमा आटोक्यात नसताना धावण्यास प्रारंभ करू नये. आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा पंप लागणे किंवा दम्यामुळे रात्री जाग येणे, ही दमा आटोक्यात नसल्याची लक्षणे आहेत. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून न राहता श्वासनलिकांची सूज कमी करणारे औषध नियमित घ्यावे, असे दम्याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून सांगत आहेत. पंपाची सवय लागते म्हणून तो टाळणारे रुग्ण आपलेच नुकसान करून घेतात. २००३ मध्ये लंडन येथे २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून महिलांचा जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना दमा आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे.

वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांची आणि चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि औषधाने त्या पूर्ववत होत नाहीत. अशा रुग्णांनी धावण्याचा हट्ट न धरता चालण्यावरच भर द्यावा. चालताना नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून तो दुप्पट वेळ सावकाश सोडावा.

प्रारंभापूर्वी आणि प्रारंभी

दम लागण्याचे कारण फुप्फुसातच असते असे नाही. रक्तक्षय असू शकतो, हृदय दुबळे असू शकते. धावण्यावरील १९७७च्या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक जेम्स फिक्स १९८४ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, धावत असतानाच हृदयविकाराने मृत्यू पावले. त्यांच्या वडिलांचाही अंत हृदयविकारानेच, ४३व्या वर्षी झाला होता आणि फिक्स स्वतः एकेकाळी भरमसाट धूम्रपान करीत. धावण्याने त्यांना मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांची पूर्वतपासणी धावण्याने टळत नाही, एवढे खरे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास, आरंभापूर्वी नजीकच्या आरोग्य केंद्रात प्रकृती दाखवावी. श्वासाच्या रुग्णांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करावयाची तपासणी, करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासणे अगत्याचे आहे. छातीत दडपण, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, भोवळ किंवा ओठ निळे पडणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ थांबून मदत मागावी.

पहिले तीन-चार आठवडे केवळ चालावे. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी तक्रार उरत नसेल, तर एक मिनिट संथ धाव व दोन-तीन मिनिटे चाल, अशी सहा आवर्तने एक दिवसाआड करावीत. दोन आठवडे ती निर्विघ्न पार पडल्यावरच धावण्याचे मिनिट वाढवावे. वेग, अंतर आणि दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले हे कळते. श्वास लवकर सुधारतो, कंडरा व हाडे मागे राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येणारी दुखणी बहुधा यामुळेच उद्भवतात.

गोमंतकाची दमट, उबदार हवा दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना कोरड्या थंडीपेक्षा सौम्य असते. इंदूर वा ग्वाल्हेरकडील आप्तांनी मात्र हिवाळ्यात भल्या पहाटे न धावता ऊन वर आल्यावर बाहेर पडावे व नाकातोंडावर रुमाल बांधावा. किनाऱ्यावरील कोरडी, भुसभुशीत वाळू घोट्याला व टाचेमागील शिरेला ताण देते; ओहोटीची ओली वाळू टणक असली तरी उतरती असते आणि एकाच दिशेने धावल्यास एका गुडघ्यावर भार पडतो. नवशिक्याला सपाट मातीचे मैदान सर्वांत बरे. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पायवाटांवर शेवाळ साचते, तेव्हा घराच्या पडवीतच येरझाऱ्या घालाव्यात आणि खुर्चीचे व्यायाम सोडू नयेत. ओलसर भिंतींवर बुरशी धरली असेल तर दमेकऱ्याने त्या खोलीत व्यायाम करू नये. पावसामुळे दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला, तर जेथे थांबलो तेथून पुढे न जाता पुन्हा चालण्यापासून आरंभ करावा.