गुणांवरून माणूस मोजू नका

'नीट'चा निकाल लागला की अकोल्यातल्या चौकाचौकांत क्लासेसचे फ्लेक्स लागतात. सहाशेच्या वर गुण मिळवलेले हसरे चेहरे, खाली ठळक आकडे. बुलढाणा-वाशिमकडच्या गावांतून येऊन खोली करून राहिलेली, चारशेवर अडकलेली पोरंही त्याच चौकातून मेसला जातात. 'आपल्यात दमच नाही' हे तिथंच मनात पक्कं होतं.

या वयात आत्मसन्मान ढासळतोच, असं सर्रास म्हटलं जातं. मानसशास्त्रज्ञ उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १,६४,८६८ जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. सरासरी आत्मसन्मान अकराव्या वर्षापर्यंत वाढतो, पंधरापर्यंत तिथंच रेंगाळतो आणि पुढे तिशीपर्यंत जोमानं वाढतो. बारावीतल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं!

सांगतात ते 'आत्मविश्वास वाढवा' शिबिरवाले. पण रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्यानं गुण वाढतात याला फारसा आधार मिळाला नाही. याउलट, ऑस्ट्रेलियात नववीच्या २,४४८ मुलांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. ज्यांना अपयशातही स्वतःशी मायेनं वागता येत होतं, त्यांचा आत्मसन्मान कमी असला तरी मानसिक आरोग्य फारसं बिघडलं नाही. याला आत्मकरुणा म्हणतात. २००३ पासून तिच्या अभ्यासाचं श्रेय क्रिस्टिन नेफ यांना मिळतं, ते रास्तच आहे.

पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना विसरून कसं चालेल? कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे ते कित्येक दशकं आधी बजावत होते. आत्मसन्मानाच्या कल्पनेवरच त्यांचा आक्षेप होता, कारण तो यशावर टांगलेला असतो. त्यांनी मांडला तो विनाअट आत्मस्वीकार. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि हा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला. शाळा-क्लासच्या समुपदेशनात या दोघांचं नाव क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. कपाशीचा उतारा घटला म्हणून तो वावराला नालायक ठरवत नाही. पावसाचा खंड, बियाणं, बोंडअळी, एकेक कारण धुंडाळतो. चाचणीनंतरही असंच व्हावं. क्लासवाल्यांनी क्रमवारी भिंतीवर न लावता ज्याचा त्याला पेपर द्यावा आणि चुकलेल्या प्रश्नांवर त्याच्याशेजारी बसून दहा मिनिटं बोलावं.