वरातीत गाजलं, कोशात बसेल का?

उजनीचं पाणी इंदापूर तालुक्याला वळसा घालून पसरलं आहे. पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका. नागराज मंजुळे यांचं जेऊर त्याच तालुक्यातलं आणि 'सैराट'चं बरंचसं चित्रीकरणही तिथलंच. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे इंदापूरकरांची नीरेपलीकडची शेजारीण. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट आला तो ऐन लग्नसराईत. त्या उन्हाळ्यात बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात डीजेवाल्याने त्यातलं 'झिंगाट' लावल्याशिवाय वरात काही पुढे सरकेना.

अशा गाण्याला ज्ञानकोशात स्वतंत्र पान मिळावं का, असं वरातीत कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याला आधी नाचायला ओढलं असतं. विकिपीडियावर मात्र हा वाद नेहमीचा आहे. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सर्वांच्या चर्चेसाठी जे पान आहे त्याचं नावच 'चावडी', आणि एखादा विषय कोशात राहण्याजोगा आहे की नाही याला तिथला शब्द आहे 'उल्लेखनीयता'. गाणं चांगलं की वाईट, अभिरुचीला धरून की थिल्लर, हा मुद्दा उल्लेखनीयतेत येत नाही. विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून अधिक ठिकाणी त्या विषयावर पुरेसं लिहिलं गेलं आहे का, एवढंच पाहिलं जातं. गाण्यावर किती जण नाचले हे कोश मोजत नाही. नाचून झाल्यावर त्यावर कुणी बसून लिहिलं का, हे तो विचारतो.

छापील कोशांना हा पेच पडला नव्हता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' १९२० च्या दशकात निघाला, त्याचे २३ खंड. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ ला आला. कागद मोजका, त्यामुळे लावणी या प्रकारावर नोंद, शाहिरावर नोंद, आणि गाणं त्या नोंदीतल्या एखाद्या ओळीत. संगणकावरच्या कोशाला कागदाची चणचण नाही. म्हणून तिथे प्रश्न जागेचा राहिला नाही, पुराव्याचा झाला.

इंग्रजी विकिपीडियाने गाण्यांसाठी वेगळी मार्गदर्शक सूचना करून ठेवली आहे. गाणं एखाद्या देशाच्या अधिकृत क्रमवारीत चढलं असेल, त्याला मोठा पुरस्कार मिळाला असेल किंवा अनेक नामवंत कलाकारांनी ते आपापलं ध्वनिमुद्रित केलं असेल, तर ते उल्लेखनीय असण्याची शक्यता आहे, असं ती सूचना सांगते. शक्यताच, खात्री नव्हे. शेवटी गाण्यावर स्वतंत्रपणे लिहिलेला मजकूर दाखवावाच लागतो. चित्रपटाच्या किंवा अल्बमच्या परीक्षणात गाण्याला चार वाक्यं मिळाली, तर तेवढ्यावर भागत नाही. मजकूर तोकडा पडला की गाण्याचं नाव चित्रपटाच्या पानाकडे वळवतात. याला पुनर्निर्देशन म्हणतात आणि बहुतेक गाण्यांच्या नशिबी तेच येतं. पान ठेवायचं की काढायचं यावरची चर्चा साधारण आठवडाभर चालते. तिथे हात वर करून मतदान होत नाही, मुद्द्यांचं वजन पाहून निर्णय होतो. गावातल्या पन्नास पोरांनी येऊन 'लई भारी गाणं आहे' असं लिहिलं, तर ती पन्नास वाक्यं शून्य धरली जातात.

क्रमवारीची अट मराठी गाण्याला मुळातच जाचक आहे. अमेरिकेत बिलबोर्डची 'हॉट १००' ही यादी १९५८ पासून दर आठवड्याला निघते. 'माकारेना' हे स्पॅनिश नाचगाणं १९९६ मध्ये त्या यादीच्या शिखरावर १४ आठवडे होतं. लिहिणाऱ्याला आकडा आयता मिळाला. हिंदीला निदान १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' होती. मराठी गाण्याला त्या तोडीची क्रमवारी कधी लाभली नाही. आपल्याकडे गाण्याचं मोजमाप म्हणजे यात्रेत ते किती वेळा वाजलं आणि गणपतीच्या मिरवणुकीत किती मंडळांनी लावलं. याची नोंद कोण ठेवणार?

आता 'झिंगाट' या कसोटीला लावून पाहू. संगीत अजय-अतुल यांचं, शब्द आणि आवाजही त्यांचेच. 'सैराट' शंभर कोटींची कमाई ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, पण ते श्रेय चित्रपटाचं. त्याच्या संगीतासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्टुडिओत झालं, तेही सगळ्या गाण्यांचं मिळून. आईबापांची कीर्ती लेकराच्या नावावर लावता येत नाही, असा कोशाचा दंडक आहे. गाण्याच्या स्वतःच्या खात्यावर काय जमा आहे? चित्रपटगृहात प्रेक्षक उठून नाचू लागल्याच्या बातम्या आहेत. २०१७ मध्ये कन्नड 'मनसु मल्लिगे'त ही चाल गेली. २०१८ मध्ये 'धडक'मध्ये अमिताभ भट्टाचार्य यांच्या हिंदी शब्दांसह ती आली, तेव्हा मूळ गाण्याची मजा गेली म्हणून मराठी रसिक खवळले आणि त्या नाराजीच्याही बातम्या झाल्या. हे सगळं चित्रपटापासून सुटं, गाण्याबद्दलचं लेखन आहे. 'झिंगाट' आरामात बसतं, आणि गंमत म्हणजे त्याला बसवण्यात हिंदी शब्दांवर बोटं मोडणाऱ्यांचाही वाटा आहे.

खरी ओढाताण होते ती चित्रपटाचं छत्र नसलेल्या गाण्यांवर. संजय लोंढे यांचं 'शांताबाई' २०१५ मध्ये असंच कुठल्याही पडद्याशिवाय घराघरांत पोचलं. एखाद्या मोसमापुरती उसळलेली प्रसिद्धी कोशाला पुरत नाही. पुढेही त्याबद्दल लिहिलं जात राहिलं का, हे पाहतात. उलट 'सोनू' हे गाणं. जुलै २०१७ मध्ये मुंबईत रेडिओ निवेदिका मलिष्का हिने त्याच्या चालीवर खड्ड्यांचं विडंबन केलं, महापालिकेतले सत्ताधारी नगरसेवक चिडले, तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले. संगीत म्हणून त्यात फार काही होतं असं कुणी म्हणणार नाही, पण संदर्भांची ददात नाही.

संजू राठोड यांच्या 'गुलाबी साडी'चं काय? २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं हे गाणं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर ते झळकल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांना वाटलं, आता याहून मोठा पुरावा कोणता! कोशाचा जुना संपादक इथे भुवई उंचावतो. तो फलक जाहिरातीचा असतो आणि तिथे कुणाला झळकवायचं हे त्या व्यवसायातली मंडळी ठरवतात. यूट्यूबवरचे कोट्यवधी प्रेक्षकही याच कारणाने बाजूला ठेवले जातात. आकडा गाण्याच्याच घरचा. पैसे देऊन छापलेली बातमी, कलाकाराने स्वतः दिलेली मुलाखत, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक ही त्याच रांगेतली. जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुणाचं गाणं एवढ्या लांब कसं पोचलं, त्याचा ठेका कुठून आला, याची चिकित्सा कुणा त्रयस्थाने केली असेल तर ती चालते. फलकाच्या फोटोपेक्षा असा एक लेख जास्त कामाचा.

नाचणाऱ्या कलावंताची बातमी आणि गाण्याची बातमी यांतही अंतर आहे. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवर मराठी वृत्तपत्रांनी भरभरून लिहिलं. त्यात गर्दी होती, हुल्लडबाजी होती, पोलीस बंदोबस्त होता. त्या रात्री मंचावर वाजलेलं गाणं कुणी लिहिलं आणि कुणी गायलं, हे त्यात क्वचितच सापडतं.

बारामतीला या बाबतीत एक जुना, फार चांगला दाखला आहे. कऱ्हेकाठच्या या गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला कविवर्य मोरोपंत राहत होते. १७९४ मध्ये ते इथेच वारले. सोलापूरचा शाहीर राम जोशी हा वयाने त्यांच्या मुलासारखा. ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या फडात शिरला म्हणून नावं ठेवली गेली, पण लावण्या अशा की पंतही भाळले, अशी परंपरा सांगते. पंतांनी त्याला कीर्तनाकडे वळवलं आणि मग त्याच्याच कीर्तनांतून पंतांच्या आर्या लोकांच्या ओठी गेल्या, असंही ती सांगते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी राम जोशीची लावणी आज कोणत्याही कोशात मानाने बसेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शाहिरांच्या लावण्या गोळा करून छापल्या, म. वा. धोंडांनी 'मऱ्हाटी लावणी' लिहिली, आणि १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला, त्यात जयराम शिलेदार राम जोशी झाले. ज्या काळात ही नाचगाणी चारचौघांत नावाजणं अवघड होतं, त्या काळातलं गाणं कागदावर आल्यामुळे टिकलं.

तशीच 'बुगडी' ही चित्रपटातली लावणी. गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशा भोसले यांचा आवाज आणि पडद्यावर जयश्री गडकर. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. या एका लावणीवर इतकं लिहिलं, बोललं गेलं आहे की उल्लेखनीयतेचा प्रश्नच उठू नये.

कागदावर न आलेल्या लावण्यांचं काय? पुण्याहून बारामतीकडे येताना दौंड तालुक्यात चौफुला लागतं. इथली संगीत बारीची थिएटरं प्रसिद्ध आहेत. तिथे बैठकीत ज्या लावण्या होतात त्यांतल्या काही पिढ्यान्‌पिढ्या मावशीकडून भाचीकडे आल्या. त्यांचा कर्ता कुणालाच सांगता येत नाही आणि छापील पाठही हाती लागत नाही. भूषण कोरगांवकर यांचं 'संगीत बारी' २०१४ मध्ये आलं तेव्हा या जगावर आतून आणि आस्थेने लिहिलेलं एक पुस्तक तरी हाती आलं. अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने पारितोषिकांच्या बातम्या दिल्या, कलावंतांची नावं छापून आणली. पण एकेका लावणीचा माग अजून कुणी काढलेला नाही. कोशाच्या नियमाने या लावण्या आज बाहेर राहतात, आणि नियम सैल करून त्यांना आत घ्या म्हणणं बरं नव्हे. तसं केलं तर उद्या प्रत्येक आमदाराच्या वाढदिवसाचं गाणं पान मागायला उभं राहील.

कमतरता लिहिणाऱ्यांची आहे. मराठीत नाट्यसंगीतावर ग्रंथ आहेत, भावगीतांवर आठवणींचे ढीग आहेत; वरातीतल्या गाण्यावर लिहायला लेखणी अजून लाजते. शिवाय एक गैरसमज पक्का बसला आहे, की संदर्भ इंग्रजीत हवा आणि इंटरनेटवर हवा. नियम तसा मुळीच नाही. संदर्भ मराठीतला चालतो, केवळ कागदावर असलेलाही चालतो. प्रकाशनाचं नाव, तारीख आणि पान सांगता आलं की झालं. जिल्हा पुरवणीतला लेख, एखादा जुना दिवाळी अंक, विद्यापीठातला प्रबंध, यांतलं काहीही पुढे करता येतं. तेव्हा बारामती-इंदापूरच्या वार्ताहरांनी यंदाच्या यात्रांची बातमी देताना गर्दीच्या आकड्याशेजारी एवढं तरी लिहावं: कोणतं गाणं वाजलं, कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कुणी. आणि घरात तमाशाची जुनी हस्तपत्रकं, लावण्यांच्या चोपड्या किंवा कॅसेटची वेष्टनं पडून असतील, तर ती रद्दीत घालण्याआधी गावच्या वाचनालयाला दाखवावीत.