वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची डागडुजी

लंडनच्या जुन्या वस्त्यांमधल्या कित्येक खिडक्या दारासारख्या उघडत नाहीत, वर-खाली सरकतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या या ‘सॅश’ खिडक्यांवर आगीच्या भीतीचाही ठसा आहे. १७०९च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसवणे सक्तीचे केले.

जड झडप एका हाताने उचलली जाते, ती चौकटीत लपलेल्या वजनांमुळे. झडपेची दोरी कप्पीवरून आत उतरते आणि तिच्या टोकाला ओतीव लोखंडाचे वजन लटकते. विहिरीच्या रहाटासारखाच प्रकार. वरच्या झडपेची वजने तिच्यापेक्षा किंचित जड, तर खालच्या झडपेची किंचित हलकी ठेवतात. त्यामुळे दोन्ही झडपा घट्ट मिटतात.

खिडकी अडली, तर बहुधा दोष रंगाच्या थरांचा असतो.

फटीतून पातळ पाते फिरवले की झडप सुटते. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासणे टाळावे. मास्क लावून, ओल्या पॉलिशपेपरने घासावे. खाचेत मेणबत्ती घासली की झडप सहज सरकते.

दोरी तुटली असेल, तर आतल्या बाजूची पट्टी काढून खालची झडप बाहेर घेतात. चौकटीच्या बाजूला बसवलेली छोटी फळी उघडली की वजन हाती लागते. एक दोरी तुटली की दोन्ही झडपांच्या मिळून चारही दोऱ्या बदललेल्या बऱ्या. दुहेरी काच बसवायची, तर झडपेचे वजन वाढते. तेव्हा कमी जागेत मावणारी शिशाची वजने कामी येतात.