दगडातले घड्याळ

विद्यार्थी मित्रांनो, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. आपल्या भंडारा जिल्ह्याप्रमाणे तो जिल्हाही विदर्भातच आहे. फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी, म्हणजे उल्केचा दगड, तेथे आदळला. त्यामुळे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खोल खड्डा पडला. त्याला विवर म्हणतात. पण ‘फार पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा? ते लिहून ठेवायला तेव्हा कोणी नव्हते. मग शास्त्रज्ञांनी हा प्रश्न दगडालाच विचारला!

काही अणू आपोआप दुसऱ्या अणूंत बदलत राहतात. अशा अणूंच्या प्रकारांना किरणोत्सारी समस्थानिके म्हणतात. पोटॅशियम-४० हे त्यांपैकी एक. ते निम्मे उरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. ऊन असो की पाऊस, हा वेग बदलत नाही.

पोटॅशियम-४० च्या काही भागाचा अरगॉन वायू बनतो. खडक वितळला, की शिजत्या भातातून वाफ निघून जावी तसा हा वायू निघून जातो. खडक घट्ट झाला, की नवा अरगॉन आत साठू लागतो. म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. पोटॅशियम आणि अरगॉन यांचे प्रमाण मोजले, की खडक केव्हा वितळला होता ते समजते.

लोणारचा खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अशनीच्या धडकेने त्याचा काही भाग वितळून त्याची काच झाली. पण या काचेत थोडा जुना अरगॉनही राहून गेला होता. तो हिशेबातून वगळला नाही, तर वय जास्त येते.

पूर्वी एका वेगळ्या पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुना अरगॉन काळजीपूर्वक वगळला गेला. तेव्हा वय सुमारे ५,७०,००० वर्षे आले. उत्तर दहापटीहून अधिक बदलले! त्यात ४७,००० वर्षांचा फरक पडू शकतो, हेही शास्त्रज्ञांनी स्पष्ट लिहिले.

अशनींचे स्वतःचे वयही समस्थानिकांवरूनच कळते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले.

मुलांनो, दगड खोटे बोलत नाही. पण त्याचे बोलणे नीट ऐकावे लागते. आपले उत्तर पुन्हा तपासणे आणि त्यात किती चूक असू शकते हे सांगणे, यालाच विज्ञान म्हणतात.