सैन्यातला शुश्रूषक आणि डॉक्टरचा साहाय्यक

कामगार चळवळीत तीस वर्षे काढली की एका प्रकारचा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. हजेरीपटावर त्याची नोंद 'हेल्पर' अशी असते, आणि खात्यातले यंत्र अडले की सारे धावतात ते त्याच्याकडे. पगार हेल्परचा, काम फिटरचे. बढतीची गोष्ट निघाली की साहेब विचारतात, "सर्टिफिकेट आहे काय?" ते नसते. मग आम्ही म्हणतो, यंत्र समोर ठेवा, त्याची परीक्षा घ्या आणि मग बोला. एवढी साधी मागणी पदरात पाडून घेताना आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. म्हणून आजचा विषय वरवर वैद्यकाचा दिसला, आणि आम्ही डॉक्टर नसलो, तरी तो आम्हांला परका वाटत नाही. लढाईत जखमी माणसे सांभाळून परत आलेल्या सैनिकांचे पुढे काय झाले, आणि त्यांतून अमेरिकेत एक नवा पेशा कसा उभा राहिला, त्याची ही हकीकत आहे.

आधी हा सैनिक कोण ते पाहू. अमेरिकन नौदलात त्याला 'कोअरमन' म्हणतात, भूदलात 'मेडिक'. तो डॉक्टर नव्हे. काही महिन्यांचे शिक्षण घेऊन तो पलटणीबरोबर किंवा बोटीवर जातो आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत जे करावे लागेल ते करतो. रक्त थांबवतो, हाड बांधतो, सलाइन लावतो, औषध देतो. डॉक्टर पोहोचणारच नसेल तर काय, याचे एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. ११ सप्टेंबर १९४२ रोजी 'सीड्रॅगन' ही पाणबुडी दक्षिण चिनी समुद्रात होती. डॅरेल रेक्टर नावाच्या एकोणीस वर्षांच्या खलाशाला अपेंडिक्सचा विकार झाला. बोटीवर डॉक्टर नव्हता. होता तो व्हीलर लाइप्स, औषधपाणी पाहणारा विशीतला नौसैनिक. त्याने शस्त्रक्रिया होताना पाहिल्या होत्या, स्वतः कधी केली नव्हती. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या मेजावर रोग्याला निजवले, जखम उघडी धरण्यासाठी चमचे वाकवून घेतले, ईथर हुंगवायला चहाची गाळणी वापरली, आणि अपेंडिक्स काढले. रेक्टर बरा होऊन कामावर गेला. (पुढे १९४४ साली दुसऱ्या एका पाणबुडीबरोबर तो बुडाला, युद्धाचा हिशेब असाच असतो.) वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे प्रकरण मुळीच रुचले नाही, कारण अधिकार नसताना केलेली ती शस्त्रक्रिया होती. लाइप्सला नौदलाचे पदक मिळाले ते २००५ साली, बासष्ट वर्षांनंतर, मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना.

प्रत्येक कोअरमन शस्त्रक्रिया करू शकतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ इतकाच, की या माणसांच्या हातात कसब येते, जबाबदारीची सवय लागते, आणि सैन्यातून मोकळे झाल्यावर नागरी जगात त्या दोन्हींची किंमत शून्य होते. साठ सालानंतर व्हिएतनामच्या युद्धातून अशी हजारो माणसे घरी परतू लागली. रणांगणात ज्याने छातीची जखम सांभाळली, त्याला इस्पितळात फार तर रोग्याची गाडी ढकलण्याचे काम मिळे.

सैन्यातली विद्या गावाकडे वळवण्याची कल्पना तशी जुनीच आहे. रशियात 'फेल्डशर' नावाचा वर्ग होता. हा मूळचा पलटणीतला न्हावी-वैद्य. पीटर बादशहाच्या काळापासून तो रशियन फौजेत होता, आणि सैन्यातून सुटलेले फेल्डशर पुढे खेड्यापाड्यांत रोगी पाहू लागले. पण अमेरिकेने वैद्यकीचा दर्जा वाढवत नेला तशी अशा मधल्या माणसाची जागाच तिथे उरली नाही. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला नर्स, आणि मध्ये मोकळे पटांगण.

त्या पटांगणाकडे बोट दाखवणारा पहिला माणूस डॉक्टरांच्याच संघटनेतला होता. १९६१ साली चार्ल्स हडसन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सुचवले, की डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडे रुग्णसेवेचा काही भाग सोपवावा. सूचना कागदावर राहिली. ती जमिनीवर उतरवली यूजीन स्टेड यांनी. स्टेड हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम गावी ड्यूक विद्यापीठात वैद्यक विभागाचे प्रमुख होते. डरहॅम हे तंबाखूचे आणि सिगारेटच्या कारखान्यांचे गाव, आणि विद्यापीठाला नाव मिळाले ते तंबाखूवर गब्बर झालेल्या ड्यूक घराण्याचे. आसपासच्या खेड्यांत मात्र डॉक्टर मिळत नसे, आणि जो असे तो कामाखाली पिचलेला.

त्यांतल्याच एका खेडेगावच्या डॉक्टरने यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. गार्लंड नावाच्या गावी अ‍ॅमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेल हा कृष्णवर्णीय गृहस्थ मदतनीस होता. जॉन्सननी त्याला हाताशी धरून शिकवले होते, आणि डॉक्टर बाहेरगावी गेले तरी दवाखाना अडत नसे. ड्यूकमधल्या मंडळींना हे ठाऊक होते. शिवाय महायुद्धात डॉक्टरांचे शिक्षण घाईने तीन वर्षांत उरकावे लागले होते, आणि तरीही त्यांतून चांगले डॉक्टर निघाले, हे स्टेड यांनी स्वतः पाहिले होते. वर्षे मोजण्यापेक्षा माणूस काय करू शकतो ते मोजावे, हा त्यांचा विचार त्यातून पक्का झाला. आम्हांला हा गृहस्थ आवडतो तो यासाठी.

१९६५ साली चार विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाला. चौघेही नौदलातले माजी कोअरमन. अभ्यासक्रम दोन वर्षांचा: आधी वर्गात शरीररचना, शरीरक्रिया, औषधे, रोगनिदान, मग इस्पितळाच्या निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष काम. रोग्याची हकीकत विचारून घेणे, त्याला तपासणे, जखम शिवणे, चाचण्यांचा अर्थ लावणे आणि डॉक्टरपुढे सारे नीट मांडणे, हे त्याने करायचे. निर्णयाची अखेरची जबाबदारी डॉक्टरची. चौघांपैकी तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी पदवीधर झाले. तीन माणसांवर एक पेशा उभा राहतो, हे वाचताना आम्हांला आमच्या पहिल्या युनियन सभेची हजेरी आठवते.

तरी आमच्या मते याहून मोलाचा प्रयोग देशाच्या दुसऱ्या टोकाला झाला, आणि त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. रिचर्ड स्मिथ हे कृष्णवर्णीय डॉक्टर. नायजेरियात त्यांनी काम केले होते, आणि मेडिकेअरचा कायदा आल्यावर इस्पितळांतील वर्णभेद मोडून काढण्याच्या सरकारी कामातही ते होते. १९६९ साली सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी 'मेडेक्स' नावाची योजना सुरू केली. पहिल्या तुकडीत पंधरा माजी शुश्रूषक सैनिक. स्मिथ यांनी विचार असा केला, की या माणसाला येत असलेले पुन्हा शिकवण्यात वेळ का दवडायचा? त्याला काय येत नाही तेवढेच शिकवा. सैनिकाने तरणीबांड, धडधाकट माणसे पाहिलेली असतात, आणि गोळीची जखम त्याला कळते. पण तान्हे मूल, गरोदर बाई, मधुमेहाचा म्हातारा त्याच्या पाहण्यात नसतो. म्हणून तीन महिने विद्यापीठात शिक्षण, आणि पुढचे बारा महिने खेड्यातल्या एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली काम. हा डॉक्टर आधीच ठरलेला असे, आणि पुढे नोकरी त्याच्याकडेच, अशी ती जुळणी होती. शिकून बाहेर पडला आणि काम शोधत हिंडला, असे होऊ नये याची काळजी शिक्षणातच घेतलेली. आमच्याकडे अप्रेंटिस पोरांना वर्षभर राबवून गेटबाहेर काढतात, त्याच्याशी ही रीत ताडून पाहावी. शिवाय स्मिथ यांनी राज्याच्या डॉक्टर संघटनेला पहिल्यापासून बरोबर घेतले. आधी योजना आणि मागाहून भांडण, असे होऊ दिले नाही.

भांडण दुसरीकडे होतेच, आणि ते विसरून ही गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्टेड यांनी हे काम प्रथम सैनिकांना देऊ केले नव्हते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेबरोबर त्यांनी अनुभवी नर्सेसना अधिक वैद्यक शिकवण्याचा अभ्यासक्रम काढला होता. नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही; डॉक्टरांनी शिकवायचे आणि डॉक्टरांचीच कामे करायची, तर ते नर्सिंग कसले, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर स्टेड कोअरमनकडे वळले. १९६६ साली 'लुक' या खपाऊ मासिकाने या नव्या माणसाला नर्सहून अधिक आणि डॉक्टरहून कमी ठरवले, तेव्हा नर्सेस संतापल्या. आम्ही त्यांचा संताप समजू शकतो. वीस वर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यावर दोन वर्षांत शिकलेला पुरुष आणून बसवला, तर आमच्याही कारखान्यात काम बंद पडेल. सैनिक निवडण्यामागे तो पुरुष आहे, घरसंसारासाठी नोकरी सोडणार नाही, हा हिशेब त्या काळच्या मंडळींच्या मनात होता, हे उघड आहे. पण काळाने तो हिशेब उलटा केला. १९७० साली जॉयस निकोल्स ही कृष्णवर्णीय स्त्री ड्यूकमधून या पेशात आली, आणि आज अमेरिकेतील या साहाय्यकांत दर दहांमागे सुमारे सात स्त्रिया आहेत.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९७१ साली केंद्र सरकारने अशा शिक्षणाला पैसा दिला. १९७३ साली पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. पण परवाना देणे प्रत्येक राज्याच्या हाती होते, आणि शेवटचे राज्य मिसिसिपी राजी व्हायला २००० साल उजाडले. ज्या राज्यात गरिबी आणि डॉक्टरांचा तुटवडा भरपूर, त्यानेच सर्वांत उशीर करावा!

आज त्या तिघांचे दीड लाखाहून अधिक झाले आहेत, आणि कामगार माणसाने थांबून विचार करावा अशी गोष्ट इथेच आहे. पेशा मोठा झाला तसा त्याचा उंबराही उंच झाला. प्रथम नुसते प्रमाणपत्र पुरे होते, मग पदवी लागू लागली, आणि २०२० पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना पदव्युत्तर पदवी देणे बंधनकारक झाले. म्हणजे माजी सैनिकाने आधी चार वर्षांचे महाविद्यालय करावे, मग सव्वादोन वर्षांच्या आसपास हे शिक्षण, आणि फी आपल्या तिथल्या मध्यमवर्गीयालाही धडकी भरवणारी. ज्याच्यासाठी दार उघडले, तोच आज त्या दारातून आत जाणाऱ्यांत थोडा उरला आहे. दर्जा वाढला हे चांगलेच; अर्धवट शिकलेल्याच्या हाती रोगी द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. पण दर्जा आणि उंबरा या दोन वेगळ्या चिजा आहेत. उंबरा उंच केला म्हणजे दर्जा वाढतोच असे नाही. आत असलेल्यांचा भाव मात्र वाढतो. आमच्या युनियन्सनीही हे पाप केलेले आहे, म्हणून आम्हांला ते ओळखू येते.

ही गोष्ट तिथल्या काही जाणत्यांच्याही ध्यानात आली आहे. सैन्याच्या सर्व दलांनी १९९६ साली टेक्सास राज्यातल्या फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे नोकरीत असलेल्या सैनिकांसाठी एकत्र शाळा काढली. ड्यूकच्या शेजारीच, चॅपेल हिल येथील विद्यापीठाने २०१६ साली जो अभ्यासक्रम सुरू केला, तो खास दलांतल्या अनुभवी मेडिकना डोळ्यांपुढे ठेवून. सैन्यात मिळालेल्या शिक्षणाला काही मोल द्यायचे, ही स्मिथ यांची जुनी रीत तिथे पुन्हा पुढे आली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या सैन्याच्या वैद्यकीय दलात 'नर्सिंग असिस्टंट' हा हुद्दा आहे. पंधरासतरा वर्षे नोकरी करून तो चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांत काहींना कंत्राटी काम मिळते. बाकीच्यांपैकी कित्येक आम्हांला भेटतात ते सुरक्षा रक्षक म्हणून. १९८१ च्या महाराष्ट्राच्या सुरक्षा रक्षक कायद्याने त्यांच्या रोजीला काही आधार दिला, त्यांच्या कसबाला नाही. डॉक्टरसाहाय्यकाचे शिक्षण भारतात नाही असे नव्हे; चेन्नईला ते १९९२ साली डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले, पण बहुधा मोठ्या इस्पितळांच्या गरजेपुरते. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याचे कलम येताच डॉक्टर रस्त्यावर उतरले. आधी संघटनेला बरोबर घ्यावे हा सिअ‍ॅटलचा धडा इथे कोणी वाचला नव्हता, असे दिसते.

मात्र सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत या पेशाचे नाव आहे, आणि राज्याराज्यांत परिषदा नेमण्याची तरतूदही आहे. सैन्यातल्या वैद्यकीय सेवेचे किती महिने अभ्यासक्रमात जमा धरायचे, कोणती परीक्षा घेऊन धरायचे, हा प्रश्न माजी सैनिकांच्या संघटनांनी तिथे मांडण्यासारखा आहे. त्यासाठी मोर्चा लागणार नाही, नीट लिहिलेला अर्ज लागेल: कोणती कामे केली, कोठे केली, किती वर्षे केली, कोणाच्या देखरेखीखाली. सभागृहात त्या नोकरीतून आलेले कोणी बसले असतील तर त्यांनी आपले सेवापुस्तक घेऊन आमच्या कचेरीत यावे. मसुदा आम्ही करून देऊ. संध्याकाळी सहानंतर आम्ही असतो.