मनोरथचित्रातील मुखे

कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा आपला दिवाळीचा पाडवा. पुष्टिमार्गीय वैष्णवांच्या हवेल्यांत मात्र हाच अन्नकूटाचा दिवस होय. गोवर्धनाहून निघालेले श्रीनाथजी १६७२ साली मेवाडात जेथे स्थिरावले, त्या नाथद्वाऱ्यास या दिवशी प्रभूंपुढे भाताचा जणू पर्वत रचला जातो.

अशा उत्सवाचा भार जो भक्त वाहतो, त्याची ती सेवा म्हणजे ‘मनोरथ’. त्या सेवेची स्मृती म्हणून तेथील चितेऱ्यांकडून करवून घेतलेल्या चित्रासही मनोरथच म्हणतात. छायाचित्रणाची कला तेथे पोहोचल्यावर या चित्रांनी विलक्षण रूप धारण केले. प्रभू, पिछवाई, गाई, नैवेद्याच्या राशी हे सारे कुंचल्याने रंगवावयाचे. यजमान व त्याचे कुटुंबीय यांची मुखे मात्र छायाचित्रांतून कातरून चिकटवावयाची! कातरलेली कड रंगाने बुजवावी, मानेचा सांधा मोत्यांच्या कंठ्याखाली लपवावा, कपाळी तिलक रेखावा. घासीराम हरदेव शर्मा (१८६८–१९३०) यांच्यासारखे तेथील चितेरे कुंचला आणि कॅमेरा दोन्ही सारख्याच सहजतेने हाताळीत. ब्राक आणि पिकासो यांनी १९१२ साली कागद चिकटवून चित्रे केली, त्याचा केवढा गाजावाजा झाला! असो.

श्रीशंकुकाने रसचर्चेत ‘चित्रतुरगन्याय’ सांगितला आहे. चित्रातील घोड्यास आपण घोडाच म्हणतो. ती प्रतीती सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यही नव्हे. येथे तर धड चित्राचे आणि मुख प्रत्यक्षाचे! हात प्रभूंपुढे जोडलेले, परंतु डोळे कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे लागलेले. पूर्वी आम्हांस याचे हसू येत असे.

मुंबईत एका वैष्णव यजमानांकडे कीर्तनानिमित्त आमचा मुक्काम होता. त्यांच्या देवघरात अन्नकूटाचे असेच एक जुने मनोरथ आहे. पावसाळ्याच्या ओलीने त्यातील आजीबाईंच्या मुखाची खळ सुटली होती आणि खाली दुसरेच, कोवळे मुख दिसत होते. ती आजोबांची प्रथम पत्नी. अकाली गेलेली, घरात केवळ श्राद्धाच्या संकल्पापुरती उरलेली. नवे चित्र करविण्याऐवजी आजोबांनी त्याच धडावर दुसरीचे मुख चिकटवून घेतले होते.

“शास्त्रीजी, वरचे मुख पुन्हा चिकटवावे की खालचे राहू द्यावे?” यजमानांनी विचारले. भग्न मूर्तीच्या जीर्णोद्धाराचे विधी आम्हांस पाठ आहेत. भक्ताच्या सुटलेल्या मुखाविषयी मात्र कोणतेही वचन आठवेना. प्रभूंच्या दृष्टीसमोर आपण सदैव उभे असावे, एवढ्याचसाठी तर हे चित्र. मग त्यातून दूर कोणाला करावयाचे?

तेवढ्यात यजमानांच्या वृद्ध मातोश्री हळूच म्हणाल्या, “सासूबाई दर अन्नकूटाला या चित्रापुढे दोन पणत्या लावीत. दुसरी कोणाची, ते आम्ही कधी विचारले नाही.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग यजमानांनी भिंग आणविले. प्रभूंच्या उजव्या अंगास, पांढऱ्या गाईच्या मागे, एका आकृतीपुरती जागा मोकळी आहे. तेथे नवे धड रंगविण्यासाठी नाथद्वाऱ्याहून चितेऱ्यास बोलाविले आहे. त्याने अगोदर दोन्ही मुखांची मापे मागविली आहेत.